मशीनची पेटी

२१ नोव्हेंबर १९९३
आठ दिवस लिहिलं नाही. उशिराची माफी असावी, वहीबाई! गायन पार्टीच्या नव्या मशीनला पेटी शोधत होतो. ॲम्प्लिफायर आणि इको एकावर एक बसतील, एसटीच्या टपावर चढेल अशी. उस्मानपुऱ्यात दोन पाहिल्या. एक हलकी, मागं जाळी. दुसरी सागवानी, मागं झडप. लावली की चहूकडून बंद.

भाचा अप्पाराव वाळूजच्या कारखान्यात वायरिंग करतो, पार्टीचं मशीनही तोच चालवतो. म्हणाला, "मामा, जाळीची घ्या. मशीन तापतं, त्याला हवा लागती."

मी म्हणालो, "तीस वर्षं हार्मोनियम सांभाळली. धुळीचा कण आत जाऊ दिला नाय. मला शिकवतो व्हय?"

सागवानी घेतली.

२३ नोव्हेंबर
आतून गोधडीचं अस्तर लावलं. अप्पाराव हसला — "बाळंतिणीची खोली केली का, मामा?" पण मशीन चालू असताना झडप उघडी ठेवायची, हे दोनदा बजावलं.

७ डिसेंबर
काल लासूर स्टेशनला बाबासाहेबांच्या अभिवादनाचा कार्यक्रम. मैदानात वारा सुटला, लई धूळ. अप्पाराव कर्णा नीट करायला खांबावर चढला होता. मी झडप लावली. वर चादर टाकली.

आमची गायिका चंपाबाई विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात जीव गेलेल्यांची नावं गाण्यात घेते. पुढं एक म्हातारी पदर सावरून बसलेली. तिच्या लेकाचं नाव पाचवं. चौथ्या नावाला मशीनचा जळका वास आला — आवाज गेला! चंपाबाई तशीच गात राहिली, पण त्या गलक्यात कोणाला ऐकू जाणार? म्हातारी शेजारणीला विचारत होती, "घेतलं का गं त्याचं नाव?"

लोक अप्पारावावर धावले. "झोपला व्हता का रं?"

तोवर मी चादर काढून झडप उघडली होती. अप्पाराव माझ्याकडं बघत राहिला. मी हार्मोनियमचा भाता पुसत बसलो.

८ डिसेंबर
झडपेचं कोणाला सांगितलं नाही.

१२ डिसेंबर
अप्पाराव रोज सकाळी येऊन बसतो. चहा घेतो. मशीनचा विषय काढत नाही. मीही नाही. आज तोंडाशी आलं होतं — साखर कमी पडली का, एवढंच विचारलं. थू माझ्या जिनगानीवर!

१९ डिसेंबर
अप्पाराव पार्टी सोडून गेला. पडेगावची खोलीही रिकामी. पुण्याकडं गेला म्हणतात. पत्ता कोणाकडं नाही.

१४ जानेवारी १९९४
विद्यापीठाचा नामविस्तार झाला! गल्लीत निळा गुलाल. सगळ्यांसमोर उभा राहिलो — "झडप मी लावली व्हती."

चंपाबाई म्हणाली, "आम्हाला तवाच ठाऊक झालं, कडुबामामा. चादर काढताना दिसला व्हता तुम्ही. अप्पारावनंच हात जोडले. म्हणाला, मामाला काही बोलू नका, पार्टी सुटली तर म्हातारा जगायचा नाय. आळ माझ्यावर राहू द्या. तुम्ही त्याला एकट्याला तरी सांगाल, म्हणून थांबला व्हता तो."

अप्पाराव, पत्ता नाही म्हणून इथंच लिहितो. चूक माझी होती. कुठं आहेस? दोन ओळी टाक रे. लवकर टाक.