केशरी फडक्यातली पोथी

१२ जानेवारी २०२५, रविवार

गुरुमुखीचा पहिला वर्ग झाला. नांदेडला, गुरुद्वाऱ्यात. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला! वर्गात मी आणि नऊ मुली – सगळ्या दुसरी-तिसरीतल्या. मी त्रेपन्न वर्षांचा, लातूरच्या डाळमिलमध्ये सुपरवायझर. शिकवणाऱ्या ग्यानीजींनी विचारलं, कशासाठी शिकायचं? म्हटलं, श्रद्धा आहे, गुरबाणी आपल्या डोळ्यांनी वाचायची आहे. खोटं नाही ते. पण पोथीचं बोललो नाही. मागून घेतील अशी धास्ती.

पोथी म्हणजे बलकारसिंगची. एकवीस वर्षांपूर्वी तो पंजाबातून हार्वेस्टर घेऊन गहू काढायला आला. लातूरजवळ मुरुडला आमच्याच खळ्यात मुक्काम होता. टायफॉईडने आडवा झाला, बाकीचे मशीन घेऊन पुढे गेले. आईने अठरा दिवस आंबील पाजून त्याला उठवलं. तो गेला आणि उशीखाली हे राहिलं – केशरी फडक्यात बांधलेलं, हाताने लिहिलेलं. तेव्हापासून ते आमच्या देव्हाऱ्यात आहे. सगळी गल्ली पाया पडते. बोअर घ्यायच्या आधी इथे नारळ फुटतो. दोघांना पाणी लागलं, मग काय विचारता!

आई ब्याऐंशीची. दिवाळीपासून अंथरुणाला खिळली आहे. तिचं एकच मागणं – "त्यात काय लिव्हलंय ते एकदा कानावर पडू दे." ती आहे तोवर मला ते वाचून दाखवायचंय. बस्स.

१९ जानेवारी

चाचणीत शेवटून पहिला. शेजारच्या सिद्रामप्पांनी विचारलं, परीक्षा किती मार्कांची? त्यांचा नातू लातूरला क्लासला आहे, त्यालाही घालावं म्हणतात. म्हटलं, मार्क नसतात. तर म्हणे, मग रिझल्ट कसा लागतो?

२ फेब्रुवारी

वर्गानंतर लंगरमध्ये लसूण सोलायला बसलो. आत कीर्तन चालू होतं. एक ओळ अचानक कळली – आपोआप, कुणी न सांगता! लसणाने डोळ्यांत पाणी येत नाही. तरी आलं.

२३ फेब्रुवारी

आईला धाप. नांदेडला गेलो नाही.

९ मार्च

आज पोथी उघडली. आणखी थांबायची हिंमत नव्हती. बायकोने, जयाने, उदबत्ती लावली, दारात गल्ली जमली, सिद्रामप्पा सर्वांत पुढे. पहिली ओळ मनातल्या मनात जुळवली – चार नंबरचा पट्टा ढिला. वाटलं, गूढ असेल. दुसरी – बेअरिंगला ग्रीस. तिसरी – डाव्या पात्याचे दोन दात तुटले. वीस पानं चाळली. सगळीकडे ग्रीस!

समोर सगळे हात जोडून. आई डोळे मिटून. मी नजर पानावर ठेवली आणि ग्यानीजींनी घोकून घेतलेला सकाळचा पाठ म्हणून टाकला. माणसं गहिवरली. सिद्रामप्पांना अर्थ हवा होता. म्हटलं, मन स्वच्छ ठेवावं, तेलपाणी वेळच्या वेळी करावं. त्यांनी कानाला हात लावला.

आईने डोळे उघडले. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मरणाला टेकलेल्या आईशी खोटं बोललो मी.

१६ मार्च

ग्यानीजींना सगळं सांगून टाकलं. ते डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "पाठ तर खरा होता ना? आता आईला बी खरं सांगा."

१७ मार्च

सांगितलं. तिच्या पायाशी बसून.

"मला ठाऊक हाय," आई म्हणाली. "खळ्यात रोज सांजच्याला माझ्याम्होरंच लिव्हायचा की."

मग एकवीस वर्षं पाया का पडलीस?

"मी कुठं पडले? मी फडकं झटकत व्हते. पाया तुम्ही पडता."

देव्हाऱ्यात आहे म्हणून उंदीर लागला नाही, कुणी चुलीत घातली नाही, एवढाच तिचा हिशेब. बलकार परत येईल तेव्हा त्याची वस्तू त्याला जशीच्या तशी मिळावी. कुणी विचारलं नाही, म्हणून ती बोलली नाही!

मग म्हणाली, "त्या दिशी तू भलतंच वाचलंस, आदिनाथा. आता खरं वाच."

वाचलं. पट्टा, ग्रीस, नटबोल्ट. आई मान डोलावत होती. शेवटी तापातल्या दिवसांची पानं लागली. एका पानावर होतं – माताजींची आंबील फार आंबट. मुकाट्याने प्यायलो. आज ताप नाही. आई हसली, मग रडायलाच लागली. मीही.

अगदी शेवटच्या पानावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, डाकघर, जिल्हा. पत्ता! आणि आम्ही एकवीस वर्षं त्याला बाहेरून हळदकुंकू वाहत होतो.

२० मार्च

पत्र टाकलं. सहा ओळी, गुरुमुखीत. चार कागद फाडले.

१६ एप्रिल

उत्तर आलं. अक्षर वहीतलं नाही. त्याच्या मुलीचं आहे. बलकारसिंग गेल्या वर्षी वारले.

आईला वाचून दाखवलं – सोयाबीन काढायला येतो म्हणतोय.

ती त्या दिवसासारखीच बघत राहिली. मग म्हणाली, "त्यो पाठ म्हण."

म्हटला.