तपासलं, ठीक

अकोला,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

आदरणीय देवराव उस्ताद,

माझा जयभीम घ्या. तुमचा रामराम मला पोचला असं मी इथंच बसून धरून चालतो. पंधरा वर्षांत तुम्ही तो पाठवलेला नाही, पण पोस्टाचा कारभार कसा असतो ते आपल्याला ठाऊकच आहे.

घरी सगळं ठीक. संध्याचे गुडघे कुरकुरतात. ती म्हणते, घरात कुरकुर करायचा मक्ता काय एकट्या नवऱ्यानंच घेतला आहे? अचलपूरला तुमची तब्येत बरी असल्याचं तुमच्या किशोरकडून कळलं. तो बाजारात भेटला होता. बाबांना फोन लावून देऊ का म्हणाला. मी नको म्हटलं. हल्ली मी फोनवर बोलत नाही. रेंजचा त्रास आहे.

रेंजवरून आठवलं. आपल्या डाळमिलला फाइव्ह-जी आलं.

हसू नका. आमच्या गल्लीत फोन लावायचा तर गच्चीवर टाकीजवळ एका पायावर उभं राहावं लागतं, पण एमआयडीसीतल्या आपल्या तुरीच्या एलिव्हेटरला स्वतःचं नेटवर्क आहे. चंदनशेठनं मिलच्या आवारापुरतं खास बसवून घेतलं. चंदनशेठ म्हणजे मोठ्या शेठचा मुलगा, तुमच्या वेळी पोत्यांभोवती सायकल फिरवायचा तो. आता तो मालक. खांबावर पांढरी पेटी चढली त्या दिवशी नारळ फुटला, पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. कोणत्या देवाचं नाव घ्यावं यावर भटजी थोडा वेळ अडले, मग वायूवर भागवलं.

प्रत्येक बेअरिंगवर, प्रत्येक मोटरवर काडेपेटीएवढी एक डबी. एकूण तीनशे चाळीस. डबी हादरा मोजते, ताप मोजते आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पापणी लवायच्या आत कळवते. आधी हेच वाय-फायवर करून पाहिलं होतं. पण पत्र्याची शेड, शंभरावर मोटरा आणि डाळीच्या चुनीची धूळ यांत ते गुदमरून जायचं. हे गुदमरत नाही. तीनशे चाळीस जणी एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येकीचं ऐकून घेतलं जातं. आमच्या नगरसेवकांना एकदा हे दाखवायला आणलं पाहिजे.

चंदनशेठ येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला सांगतो, "आपल्या बेअरिंगले ताप आला का डॉक्टरच्या आधी माह्या मोबाइलले समजते."

हे सगळं बसवायला आली ती प्रियदर्शनी. अमरावतीची, पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर, वय अठ्ठावीस. पहिल्याच दिवशी तिनं आपली दोन फुटी सळई पाहिली, एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं माझ्या कानाशी. याच्यातून काय ऐकू येतं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या तीनशे चाळीस डब्यांना मिळून जे ऐकू येईल ते. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मी नोटीस बोर्डावर तिच्या डब्यांवर चार ओळी खरडल्या. सगळी मिल हसली, तीही हसली आणि तिनं त्यांचा फोटो काढून घेतला. अशा माणसाशी भांडणं फार जड जातं.

तरी एका गोष्टीवर मी अडून बसलो. तिचं म्हणणं, डबीला धोका दिसला की मशीन आपोआप थांबू द्या. एवढं जलद नेटवर्क आणलं ते त्यासाठीच. मी म्हटलं, नाही. डबीनं मला सांगावं, मी जाऊन ऐकावं आणि थांबवायचं की नाही ते मी ठरवावं. ऐन हंगामात एका डबीला शिंक आली म्हणून काय मिल बंद ठेवायची? चंदनशेठनं माझं मानलं. ललितभाऊचा कान हाय तोवर डबीले हुकूम नाई, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. त्या दिवशी मी घरी गेलो तो छाती पुढे काढूनच.

मग मला एक टॅब मिळाला. इशारा आला की त्यावर लाल दिवा लागतो. जाऊन तपासायचं आणि बटण दाबायचं. बटणं दोनच: 'थांबवा' आणि 'तपासलं, ठीक'.

आता बातमी. गेल्या मंगळवारी, तीन तारखेला सकाळी दोन नंबरच्या एलिव्हेटरचं वरचं बेअरिंग जाम झालं. पट्टा तुटला, तूर वर नेणाऱ्या लोखंडी बादल्या धडाधड खाली आल्या आणि तळाचं झाकण उडालं. तिथं पार्बताबाई झाडत होत्या. तुमच्या वेळी पाखडणीला होत्या, त्याच. झाकण खांद्यावर बसलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. वीतभर इकडे लागलं असतं तर आज मी हे पत्र लिहीत बसलो नसतो.

मशीन आहे, होतं. दोन दिवस मी सगळ्यांना हेच सांगत होतो.

चंदनशेठनं विचारलं, इशारा आला होता का?

मी म्हटलं, नाही.

एवढा एकच शब्द. पुढचं काम त्यानं आपलंआपण केलं. शेठ पुण्याच्या कंपनीवर तुटून पडला, तुमच्या पेट्या उचलून न्या म्हणाला. अमरावतीच्या दोन मिलचं ठरलेलं काम थांबलं. कंपनीनं प्रियदर्शनीकडून सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितला. खुलासा पटला नाही तर तिची नोकरी जाणार, हे आमच्या गेटवरच्या चौकीदारालाही समजलं होतं. आणि माझ्या चार ओळींवर हसलेली माणसं तिच्याकडे पाहीनाशी झाली.

काल दुपारी ती घरी आली. माझ्या अगदी समोर बसली आणि एक कागद पुढे सरकवला. मंगळवार, दहा वाजून बारा मिनिटं: इशारा. दहा वीस: 'तपासलं, ठीक', ललितच्या टॅबवरून. दहा सत्तावन्न: बेअरिंग जाम.

मी म्हटलं, कॉम्प्युटरचं काय, त्याला सांगाल ते छापून देतो. तिनं दुसरा कागद ठेवला.

डब्या बेअरिंगवर लावल्या होत्या उस्ताद, पण नोंद माझीही होत होती. सुरुवातीला टॅबला दिवा नव्हता, शिट्टी होती. शिट्टी वाजल्यावर मी टॅब उघडायला किती वेळ घेतला ते त्या कागदावर ओळीनं होतं. चार मिनिटं. सहा. अकरा. एकदा चाळीस, म्हणजे कोणीतरी येऊन सांगितल्यावर. दिवाळीनंतर तिनं मला न सांगता शिट्टीच्या जागी लाल दिवा टाकला. त्या दिवसापासून मी टॅब उघडतो तो दहा सेकंदांत. मला वाटलं होतं, या वयात मी चपळ झालो.

तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहितो.

"काका, तुमाले बारीक आवाज आयकू येत नाई. मले दिवाळीपासून माहीत हाय आन् मी बोलली नाई, ही माही चूक. सोमवारी दोनी कागद मी शेठले देईन. त्याच्या आधी तुमी बोलले तर बरं."

"मी बोललो तर काय बदलन?"

"काईच नाई. फक्त तुमी बोलले, एवढं होईन."

संध्या चहा घेऊन आली होती. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

खरं आहे, उस्ताद. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आमच्याकडे माझं. दोन वर्षांत तीनदा वरणाचा कोळसा झाला आणि तिन्ही वेळा मी संध्याला म्हटलं, कुकर बदल. फोनवर बाईमाणूस बोललं की मला नुसता वारा ऐकू येतो. रेंज चांगली आहे. रेंजला मी उगाच बोल लावला.

मंगळवारी दिवा लागल्याबरोबर मी शिडी चढून वर गेलो. सळई लावली. आत शांत. तीस वर्षांत इतकं शांत बेअरिंग मी ऐकलं नव्हतं आणि तिथंच मला उमजायला हवं होतं. नुसतं बोट टेकवलं असतं तरी चटका बसला असता. नाही टेकवलं. कारण तुमचा नियम: कानानं ठीक म्हटल्यावर हात लावायचा नाही, तो कानाचा अपमान. मी कानाचा मान राखला. पार्बताबाईचं हाड मोडलं.

आणि हे लिहिता लिहिता दुसरंच काही आठवून बसलो. शेवटच्या दोन हंगामांत तुम्ही स्वतः हा नियम मोडत होते. सळई कानाला लावून झाली की माझी पाठ वळायची वाट पाहायचे आणि बेअरिंगवर हळूच तळहात टेकवायचे. मी ते पाहिलं होतं. मग २०११ साली ऐन तुरीच्या गर्दीत तुम्ही सळई माझ्या हातात दिली. मी म्हटलं, उस्ताद, हा रोलर एकदा तुम्ही ऐकून पाहा. तुम्ही "तुयं तू पाह्य" म्हणाले आणि गेटबाहेर पडले, ते परत आले नाहीत. मी गावभर सांगत सुटलो की म्हाताऱ्याला गर्व चढला.

तुम्हाला तेव्हा ऐकू येत होतं का, उस्ताद?

उद्या सोमवार. काय करीन ते आत्ता लिहीत नाही. लिहिलेलं करावं लागतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पत्र टाकायचं राहिलं होतं, तेव्हा पुढचंही यातच लिहितो.

काल ऑफिसात चंदनशेठ, प्रियदर्शनी आणि पडद्यावर पुण्याहून तिचा साहेब. तिनं दोन्ही कागद टेबलावर पालथे ठेवले आणि माझ्याकडे पाहत बसली. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, इशारा आला होता. बटण मी दाबलं. मला ऐकू येत नाही. तीनच वाक्यं. नोटीस बोर्डावर दर आठवड्याला जगाची खिल्ली उडवणाऱ्या माणसाला तेवढ्यानं घाम फुटला.

चंदनशेठनं दोन्ही कागद उलटून वाचले. मग म्हणाला, "ललितभाऊ, मी तुमच्या कानावर मिल ठेवली होती." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

कालपासून डब्यांना मशीन थांबवायचा हुकूम मिळाला. पेट्या राहतील, अमरावतीचं काम पुन्हा सुरू होईल. प्रियदर्शनीची नोकरी शाबूत आहे. कानाची तपासणी होईपर्यंत मी शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. त्यानंतर ठेवणार की काढणार ते शेठ बोलला नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. जाताना पोरगी म्हणाली की डबीला हादरा कळतो, पण तो ढिल्या पट्ट्याचा की झिजलेल्या बेअरिंगचा, हे तिला कोणीतरी शिकवावं लागतं. ती मला काम देत होती की धीर, ते मला समजलं नाही.

तिथून दवाखान्यात गेलो. पार्बताबाई खाटेवर बसून होत्या, खांदा पट्ट्यांनी आवळलेला. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. दिवा, सळई, बटण, आणि शेठला मारलेली थाप. सांगून झालं तरी मान वर होईना. तेव्हा त्यांनी चांगल्या हातानं माझी बाही ओढली.

"वर पाहा, भाऊ. खाली पाहून राहिले तर मी काय म्हणून राहिली ते तुमाले कसं समजन?"

मी वर पाहिलं.

"आमाले दोन सालापासून मालूम हाय. आमी बाया तुमच्या समोर येऊनच बोलतो ना? मांगून कोनी हाक मारते का तुमाले?"

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"तुमी काहून नाई सांगतलं?" म्हणाल्या. "माह्या खांद्याले इचारा आता." आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यांच्या सुनेला घरकामाला माणूस हवं होतं, तर आजपासून संध्या सकाळी तिकडे जाते आणि त्यांच्याकडचं पाणी मी भरतो. यानं काही फिटत नाही, पण भरतो.

उस्ताद, शेडमधल्या बायांना माझं कळलं. त्या दिवसातून दोनदा माझ्या समोरून जायच्या, तेवढ्यात कळलं. मी पंधरा वर्षं तुमच्या हातभर अंतरावर उभा होतो. तुमच्याकडून सगळं शिकलो, आणि तुमचं काय होत आहे ते मला दिसूनही कळलं नाही.

अमरावतीला कानाच्या डॉक्टरांकडे पुढच्या बुधवारची, अठरा तारखेची वेळ घेतली आहे, सकाळी अकराची. दोघांची घेतली आहे. तुमचं वय विचारलं तेव्हा अंदाजे बहात्तर सांगितलं. चुकलं असेल तर तिथं दुरुस्त करून घेऊ. मी पहिल्या एसटीनं निघून आठ-साडेआठला तुमच्याकडे येतो. आधी फोन करणार नाही आणि दारही वाजवणार नाही. दोन्हीचा आपल्यापैकी कोणालाच उपयोग नाही. तुम्ही जिथं बसले असाल तिथं समोर येऊन उभा राहीन. यायचं नसेल तर नुसती मान हलवा. मी एकटा जाईन, आणि येताना डॉक्टर काय म्हणाले ते दोघांसाठी लिहून आणीन.

पंधरा वर्षं तुम्हाला गर्विष्ठ म्हणत फिरलेला, आणि ज्यांना ज्यांना तसं सांगितलं त्या सगळ्यांकडे आता जाऊन खरं सांगणारा,

तुमचाच,
ललित