कपाट कोण सरकवतं

मंगळवार, १९ तारीख

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. घरमालकीणबाईंनी ते पिठाच्या डब्यावर ठेवलं होतं, म्हणून पाकीट जरा पांढरं झालंय. भावजींची पाठ आता बरी असेल. चिमणी तिसरीत गेली हे वाचून मी उगाच आरशात केस पांढरे झालेत का बघून आलो. नाहीत. दात मात्र एक गेलाय, पण ती वेगळीच कथा आहे.

तू विचारलंस, नोकरी टिकली का. टिकली. सात महिने झाले, म्हणजे माझ्या मानानं पेन्शनच लागली म्हण. लोक घरं बदलतात, त्यांचं सामान आम्ही हलवतो. परवा एका बाईंनी छोटी पेटी हातात दिली, म्हणाल्या, जपून हं, आत सासऱ्यांची कवळी आहे. आमचा मुकादम लगेच म्हणतो, "उलटी धरू नकोस रे, चावेल." त्या बाई स्वतःच इतक्या हसल्या की पेटी बाजूलाच राहिली.

मुकादमानं मला लोखंडी कपाट एकट्यानं हलवायला शिकवलंय. जुन्या ब्लँकेटची तीन पदरी घडी करायची, कपाट जरासं कलतं करून ती गुडघ्यानं पायाखाली सारायची, मग तसंच दुसऱ्या बाजूला. मग पाठ लावून रेटलं की भरलेलं कपाटसुद्धा सरकतं. बाकीचे घडीचं टोक लोंबतं ठेवतात. मी आत दुमडतो, म्हणजे अडकत नाही. मुकादम चिडवतो, "पाळण्यातलं बाळ गुंडाळतोयस काय?"

मी काय सांगत होतो? हां, खोली. खोली चांगली आहे, उजेड आहे, पण तिच्यात काहीतरी आहे ताई. हसू नकोस. रविवारी सुट्टी असते. जेवून मी दोनच्या सुमारास आडवा होतो. चारला जाग येते तेव्हा कपाट दाराला टेकलेलं असतं. आतून. कडी लावलेली, खिडकीला गज. पहिल्या वेळी वाटलं, माझंच डोकं ठिकाणावर नाही. पुढच्या रविवारी कपाटाच्या पायांभोवती खडूनं गोल काढले आणि झोपलो. उठलो तर चार गोल भिंतीपाशी रिकामे, आणि कपाट दारात.

खालून घरमालकीणबाई विचारतात, "दर रविवारी वर काय ओढतोस रे? कुणाला कोंडलंयस का?" मी म्हटलं, उंदीर आहे. त्या म्हणाल्या, "एवढा मोठा असेल तर खाली पाठव, मलाही माळा रिकामा करायचाय."

याआधीच्या खोल्यांतही असंच व्हायचं. कुठे टेबल, कुठे ट्रंक. अकरा खोल्या सोडल्या मी. तुम्ही म्हणता पायाला भिंगरी आहे. मला वाटायचं खोल्याच वाईट मिळतात.

मामाचं वाचलं. एक तारखेला तो तुमच्याकडे कायमचा राहायला येणार, चिमणी शाळेतून आली की दुपारी तिला सांभाळणार, गणित घेणार, आणि तुम्ही दोघं निर्धास्त कामावर. तू लिहिलंस, "तुलाही त्यानंच पाढे शिकवले होते की." हो. एवढंच सांगतो, घाई करू नकोस. घर लहान आहे. त्याला आता जिने झेपणार नाहीत. बघ आपलं.

चिमणीला पापा. भावजींना नमस्कार. बाकी सगळं ठीक.

तुझा धाकटा


बुधवार, २० तारीख

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि तिथंच उभा राहिलो. पेटीच्या फटीत हात घालून पाहिला, बोटं पोचली नाहीत. मागचा माणूस म्हणाला, "झालं का साहेब?" झालं नव्हतं.

त्याला जिने झेपणार नाहीत असं लिहिलं मी. तुमचं घर तळमजल्यावर आहे.

खरं कारण सांगायला तीनदा फोन लावला होता. तू हॅलो म्हणालीस की मी इकडच्या उकाड्याबद्दल बोललो. तुला आठवत असेल, तू म्हणालीस, "एवढं हवामान सांगायला फोन केलास होय रे?"

काल तुला एक गोष्ट लिहिली नाही. गेल्या रविवारी जाग आली, कपाट दारात. ते हटवायला वाकलो तर या वेळी त्याच्या पायांखाली ब्लँकेट होतं. तीन पदरी. टोक आत दुमडलेलं. मी जमिनीवर बसूनच राहिलो. माझ्या नखांत गंज होता आणि पाठीवर कपाटाच्या मुठीचा लाल वळ. खोलीत काहीही नव्हतं ताई. मीच उठतो, मीच घडी घालतो, मीच रेटतो, आणि त्या वेळी मी तिथं नसतो. कुठे असतो ते मला माहीत आहे. दोन ते चार.

सरळ लिहितो, नाहीतर पुन्हा कवळीची गोष्ट सांगायला लागेन.

मी तिसरीत होतो. मला गणित येत नव्हतं आणि मी दंगा करायचो, म्हणून आईनं मला दुपारी मामाकडे धाडायला सुरुवात केली. तो कडी लावायचा. लक्ष लागावं म्हणून, असं म्हणायचा. त्या बंद दाराआड तो माझ्या अंगाशी जे करायचा, ते मोठ्या माणसानं मुलाशी कधीच करू नये. वर्षभर चाललं ते. चार वाजता तो माझा भांग पाडून द्यायचा आणि संध्याकाळी आईला सांगायचा, "बैठक बसवली हं मी त्याची." मी खरंच गप्प झालो होतो. सगळ्यांना बरं वाटलं. मी आईला एकदा म्हटलं, मला मामाकडे नको. ती म्हणाली, "अभ्यास म्हटला की तुझ्या पोटात दुखतं." पोटात दुखायचंच.

आता ऐक. तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस, मला हात धरून सोडायला यायचीस. मी त्याच्या दाराबाहेरचा कठडा धरून ठेवायचो आणि तू एकेक बोट सोडवायचीस. "पुरे हं नाटकं, मला क्लासला उशीर होतोय." इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही ते त्याला घाबरून नाही. तुला ही बोटं आठवतील म्हणून. तू ते विसरलेली असशील तर विसरलेलीच राहावीस, असं वाटायचं. पण आता चिमणी तिसरीत आहे, आणि तू तिला घरातच ठेवून जाणार. तिला कुठे सोडायलासुद्धा जावं लागणार नाही.

तू मनात म्हणशील, त्या गोष्टीला वीस वर्षं झाली, मामा म्हातारा झाला, मामी गेल्यापासून खचलाय. असेल. तू म्हणशील, याला कधी एका जागी बसता आलं नाही, याचं काय ऐकायचं. मला बसता का येत नाही, तेच सांगतोय. कुणी मागून आलं की माझ्या हातातून खोकी पडतात. कुणी प्रेमानं केसांतून हात फिरवला की मला ओकारी येते. एक मुलगी होती, चांगली होती, तिला मी कारण न सांगता सोडून आलो. अजून ती विचारते, माझं काय चुकलं.

सोमवारी दुखावलेला खांदा दाखवायला दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कशानं झालं. मी म्हटलं, कपाटानं. त्या म्हणाल्या, "कामावरच्या?" मी नाही म्हटलं. त्या थांबल्या, घाई नाही केली. मग मी सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा, एका अनोळखी बाईला, शर्ट अर्धा काढलेला असताना. त्या म्हणाल्या, वेड लागलेलं नाही, लहानपणी असं झालेल्यांना मोठेपणी असं होतं, अंग आपल्याला न विचारता स्वतःला राखत बसतं. यावर इलाज आहे, वेळ लागतो. चिठ्ठी दिली आहे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाईंकडे जायचंय. मग त्यांनीच विचारलं, "त्या माणसाजवळ आत्ता कुठलं मूल आहे का?" मी म्हटलं, अजून नाही.

म्हणून हे पत्र कुरिअरनं पाठवतोय, कालच्या पत्राआधी पोचेल. माझ्यावर विश्वास बसायला वेळ लागला तर लागू दे. तोवर त्याला येऊ देऊ नकोस. कारण काहीही सांग. आणि चिमणीला कधी कुठे जायचं नसेल, तर ती नाटकं करतेय असं समजू नकोस.

मुकादमाकडून महिन्याची सुट्टी घेतली. शुक्रवारी दुपारी पोचतो. दुसरी सोय होईपर्यंत चिमणीपाशी मी बसेन, तुम्ही कामावर जा. दारं उघडी ठेवून, ओट्यावर, सगळ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. तुला माझीही भीती वाटली तर शेजारच्या काकूंना सोबत बसव, मला राग येणार नाही.

तुझ्यावर राग नाही असं वर एकदा लिहिलं होतं आणि खोडलं. थोडा आहे. तो घेऊनच येतोय.

तुझाच,
धाकटा