माय, तू भ्याली नव्हतीस

प्रिय माय,

आज सकाळी जालन्याच्या दवाखान्यात आष्टीच्या मावशीच्या तळपायावरची पट्टी निघाली. खाली कोरडी, गुलाबी कातडी. जखम भरली गं! सगळे हसत होते. मला मात्र तिथं उभं राहवेना. तुझ्याशी बोलायचं होतं, आणि समोर बसून बोलायची वेळ मी कधीच घालवलीय. म्हणून हे पत्र.

तुलाही अगदी तिथंच जखम होती ना? अंगठ्याच्या मागं, तळव्याच्या गादीवर. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले, खडा टोचला तरी तुला कळायचं नाही. शेळ्यांमागं चालून आधी घट्टा पडला, मग तो फुटला. वर्षभर परतूरला पट्ट्या केल्या. जखम भरत यायची, तू चालू लागलीस की पुन्हा उघडायची.

मग जालन्याच्या डॉक्टरबाईंनी तुझा पाय सरळ धरून पंजा वर ढकलून पाहिला. तो काटकोनातसुद्धा येईना. "पोटऱ्या आखडल्यात यांच्या," त्या म्हणाल्या. "घोटा वाकत नाही, म्हणून चालताना सगळा भार पुढच्या तळव्यावर येतो. पोटरीत छोटा चिरा देऊन ताण मोकळा करू. भार हटला की जखमेला भरायला वाव मिळेल."

तुला ते लगेच उमगलं! "शेळीची दोरी आखूड असली की मान वढली जाती, तसंच का बाई?"

"अगदी तसंच," त्या हसल्या.

आणि मी? शाळेत विज्ञान शिकवणारा तुझा लेक! मी तुला हाताला धरून बाहेर घेऊन आलो. "जखम तळपायाला अन् चिरा पोटरीला? येडं समजून राह्यले का आपल्याला?"

"इस्नू, मी तयार हाय. करू दे की त्यांना."

"माय, तुला काय कळतं त्यातलं!"

परतीच्या एसटीत तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. का भांडली नाहीस गं? सुनेनं भाकरी जरा करपवली तरी घर डोक्यावर घ्यायचीस. त्या दिवशीच कसं माझं ऐकलंस?

दोन महिन्यांत जखम हाडापर्यंत गेली. ताप चढला, पाय काळा पडला. त्याच डॉक्टरबाईंकडं धावलो, तोवर जहर अंगभर पसरलेलं. "आधी सांगितलं होतं," असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं!

माय, याहून वाईट गोष्ट तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर नातेवाईक विचारू लागले, आणि मी सांगून टाकलं, "माय भ्याली. ऑपरेशनला तिनंच न्हाई म्हणलं." सगळ्यांना ते खरं वाटलं. म्हाताऱ्या बाया भितातच, असं म्हणून विषय मिटला.

पुढं मावशीचाही तळवा तसाच फुटला, तेव्हा मीच तिला त्या डॉक्टरबाईंकडं नेलं. कागदावर सही केली. पोटरीला इवलासा चिरा, मग दीड महिना प्लास्टर, त्यानंतर पट्टी. आणि आज ही अशी कातडी!

मावशी माझा हात धरून रडली. "माझी बहीण भ्याली नसती, तर आज आसती रे. लईच भित्री निघाली!"

माय, मी मान हलवली. हो म्हणालो.

शेळीच्या दावणीतून सुटलेल्या बोकडाला शिंगांनी धरून आणणारी तू. तुला भित्री म्हणू दिलं मी, आणि तुझ्या सख्ख्या बहिणीसमोर!

माफी मागायला तोंड नाही. पण एक शब्द देतो. उद्याच आष्टीला जाईन. मावशीच्या अंगणात, तिच्या लेकी-सुनांसमोर सांगेन, की माय तयार होती, अडवलं मी. मावशीनं पुन्हा उंबऱ्यात उभं केलं नाही तरी चालेल. सांगितल्याशिवाय परतणार नाही.

तुझा,
इस्नू