लग्नाआधी होते तसे

सक्करदरा, नागपूर
९ नोव्हेंबर १९७१

वच्छले, सप्रेम जयभीम.

तुझी नोकरी सावनेरच्या शाळेत, माझं गॅरेज इथं. दोघांतलं कोणीच हटलं नाही. काडीमोडासाठी पंच बसले. लहानूकाका म्हणाले, "एकमेकायचं घेतलं ते वापस करा. लग्नाआधी होते तसे होऊन जा."

मी तुझी पेटी दिली, स्टोव्ह दिला, शिलाई मशीन तेल घालून दिली. "काही राहिलं काय जी?" तू विचारलंस. "नाही वं," मी म्हणालो.

खोटं बोललो. तुझ्याआधी मी अंगठा लावायचो, एसटी इंजिनाच्या आवाजावर ओळखायचो. स्टँडवर पाट्या दाखवून अक्षरं तूच शिकवलीस. "मिस्त्री, कान नका लावू, डोळे लावा," म्हणून हसायचीस.

काल म्हटलं, पहिल्यासारखं होऊन पाहू. स्टँडवर डोळे मिटून उभा राहिलो. गाडी आली. कान म्हणाला, कामठी. डोळे उघडले तर पाटीवर सावनेर. वाचायला लागल्यापासून कानही बिघडला.

"सावनेरले चालता का, मिस्त्री?" कंडक्टरनं विचारलं. मी रुमालानं पाटीवरची धूळ पुसली आणि घरी आलो.

हे पत्र टाकणार नाही. माझ्या हातची अक्षरं दिसली की पंचांसमोर खोटा ठरेन.

'तुझा' लिहिता येत नाही, म्हणून नुसता
नथ्थू मिस्त्री