बिनमिरचीचं भरीत आणि मर्सो

नाशिक,
१८ जानेवारी २०२५

ती. सौ. कामिनी वहिनींस,
मिथुनचा सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. थोडा तौहिदने वाटेत खाल्ला असणार, पण त्याच्या भाजीच्या पिकअपमधून फुकट टपाल चालतंय म्हणून मी काही बोललो नाही.

पत्र का लिहितोय म्हणून हसू नका. फोन केला तर तुमची भाविका फोन स्पीकरवर टाकते आणि आई चुलीपाशी बसून सगळं ऐकते. ही गोष्ट आईने ऐकायची नाही. मी हॉटेलात वाढतो एवढं घरी माहीत आहे. काय वाढतो ते माहीत नाही. वहिनी, मी वाइन वाढायला शिकतोय. ज्या बाईने गावातल्या सगळ्या बायांना आडव्या बाटलीवर शिक्का मारायला लावून दारूचं दुकान बंद पाडलं, तिचा मुलगा. (इथल्या तळघरात सगळ्या बाटल्या आडव्याच ठेवतात, बूच ओलं राहावं म्हणून. आईला वाटेल मतदान इथेही झालं.)

परवा आमचे मालक हेमकांत सर यांनी आम्हा शिकाऊ पोरांपुढे फ्रान्सची एक पांढरी वाइन उघडली. नाव मर्सो. ते गावाचं नाव आहे, बर्गंडी म्हणून मुलूख आहे तिकडचं. तिथे वाइनला गावाच्या नावानेच ओळखतात, जशी आपण तोरणमाळची चारोळी म्हणतो. तोरणमाळवरून आठवलं, तिथल्या गेस्ट हाउसात मी होतो तेव्हा एक माकड रोज माझा टॉवेल... जाऊ दे, ते नंतर.

मला वाटलं आंबट पाणी असणार. वहिनी, रंग कसा, तर कडब्यावर सकाळचं ऊन पडतं तसा. नाक घातलं तर आधी लिंबाची साल. मग पेला नुसता हातात फिरवायचा आणि थांबायचं. मग येतो लोणी कढवल्याचा वास, तूप होण्याच्या जरा आधीचा. त्याच्या मागून भाजलेला शेंगदाणा, आणि अगदी शेवटी धुराची एक रेघ. द्राक्ष शार्डोने, पण हा शेंगदाणा आणि धूर द्राक्षाचे नाहीत म्हणे. ओकच्या लाकडाच्या पिंपात ती महिनोन् महिने पडून असते, पिंप आतून आगीवर शेकलेलं असतं, ते लाकूड तिला देतं. तोंडात सायीसारखी जाड लागते, आणि गिळली की तिचा आंबटपणा जीभ धुऊन नेतो. चव मात्र जाता जात नाही. फार गार केली तर मुकी होते. माठातल्या पाण्याहून थोडी गार, बस.

तिकडे तिच्यासोबत लोण्यातला मासा, सायीतली कोंबडी, अळिंबी, जुनं चीज असं खातात. मिरची तिला अजिबात चालत नाही. मिरची आली की लाकूड कडू होतं आणि घसा जळतो.

आता मुद्दा. दोन फेब्रुवारीच्या रविवारी आमची परीक्षा आहे. प्रत्येकाने आपल्या घरचा एक पदार्थ आणायचा, मर्सोसोबत बसणारा, आणि का बसतो ते सांगायचं. चाखायला पुण्याहून एक बाई येणार. तिघांतून एकच कायम होणार. सुरतेचं साड्यांचं काम, खापर गावच्या बाजारातलं काम, ट्रकवरची क्लीनरकी, सगळं मी सोडलं हे मला माहीत आहे, बाप म्हणून नाना ते रोज फोनवर ऐकवतात तेही. हे मात्र मला सोडायचं नाही.

धूर, शेंगदाणा, सायीसारखं मऊ. वहिनी, हे तर आपलं कापसाच्या काड्यांवर भाजलेलं वांग्याचं भरीत. आईच्या हातचंच हवं. फक्त मिरची न घालता. रागावू नका. तेवढं करवून घ्या आणि आईला कशासाठी ते सांगू नका.

लोभ आहेच, या कामापुरता तो दुप्पट करा.
तुमचा दीर,
मिथुन

*

घरून, ता. शहादे,
१ फेब्रुवारी २०२५

चि. मिथुनभाऊंस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचलं आणि तांदळाच्या डब्यात पुरलं. बिनमिरचीचं भरीत हे शब्द मी या घरात तोंडातून काढायचे कसे, ते तुम्ही कळवलं नाहीत. आपल्याकडे तापातून उठलेल्यालासुद्धा असलं कोणी देत नाही. शेवटी मी आईंना सांगितलं की मिथुनभाऊंच्या हॉटेलच्या मोठ्या साहेबांचं पोट नाजूक आहे आणि त्यांना भरीत खायची फार इच्छा आहे. आईंना इतकी दया आली की मला हात लावू दिला नाही. स्वतः काड्या पेटवल्या, वांगी सोलली, आपल्या जुन्या लाकडी बडगीत लसूण-शेंगदाण्याबरोबर ठेचली. मी शेजारीच उभी होते. मिरचीचं देठसुद्धा आत गेलेलं नाही.

मग सगळ्यांनी चाखलं. तुमच्या भावाने अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवलं. भाविकाने लोणचं मागितलं. नाना म्हणाले, “हाई दवाखानानं जेवन शे.” म्हणजे तुम्हाला हवं तसंच झालं असणार. आईंचा निरोप आहे की साहेबांना म्हणावं, बरे झालात की खरं भरीत खायला या.

भाऊ, आईंशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. हे तुमच्या नावावर. आणि एक खरं कळवा, तुम्ही पिता का? वासाचं एवढं लिहिलंत, मला रात्री झोप लागेना.

डबा सरळ धरायला तौहिदला बजावलं आहे. जिंकलात तर माझी आठवण ठेवा, हरलात तर होळीला घरी या, आम्ही आहोत.
तुमची वहिनी,
कामिनी

*

नाशिक,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आधी तुमच्या प्रश्नाचं. पीत नाही. चाखून भांड्यात थुंकतो. सगळेच थुंकतात, नानांच्या तंबाखूसारखं, फक्त इथे त्याचं कौतुक होतं.

आता ऐका. पुण्याच्या बाईंनी मर्सोचा घोट घेतला, डोळे मिटले, हसल्या. मग भरताचा घास घेतला. आधी ठसका. मग कान लाल. मग वरून पुन्हा वाइन प्यायल्या, ती तर आगीत तेल. तांब्याभर पाणी गेलं, साखर खाल्ली, डोळ्यांतलं पाणी थांबेना. हेमकांत सर माझ्याकडे असे बघत होते की मी दाराकडे बघायला लागलो.

मी शपथ घेऊन सांगितलं की यात मिरची नाही. बाई म्हणाल्या की चुकून तिखट झालं म्हणाला असतास तर ऐकलं असतं, पण खोटं बोलणारा माणूस टेबलापाशी नको. वहिनी, मी स्वतः चाखलं होतं. मला काही लागलं नाही, तुम्हालाही लागलं नव्हतं. मी तिथेच परत खाल्लं. शेंगदाणा, धूर, लसूण. बस.

सरांनी विचारलं, कसं करतात ते पहिल्यापासून सांग. मी सांगायला लागलो आणि दरवेळेसारखा भरकटलो. कापूस वेचून झाला की काड्या कशा रचतात, शेजारचा सुकलाल त्या कशा पळवतो, सगळं. मग वांगी सोलली म्हणालो. बडगी म्हणालो. नावेसारखी लाकडी असते, आजीच्या वेळची आहे, दर हिवाळ्यात हिरव्या मिरच्या तिच्यातच ठेचतात, असं म्हणालो आणि माझीच जीभ थांबली. वहिनी, ती बडगी मिरची पिऊन बसली आहे! आपल्या जिभा तिच्याच हाताखाली वाढल्या, आपल्याला कसं कळणार?

मी बाईंना म्हणालो, “तुमच्या वाइनला धूर लाकडाने दिला. आमच्या भरताला मिरची लाकडाने दिली.”

बाई डोळे पुसत हसायला लागल्या. सरही हसले. पण बाई म्हणाल्या की कारण बरोबर सांगितलंस, जोडी मात्र जमली नाही, आणि नोकरी जोडीला आहे. बाकी दोघांचंही पुरतं जमलं नव्हतं म्हणून नऊ तारखेच्या रविवारी सगळ्यांना पुन्हा बोलावलंय.

काल रात्री भरीत मिक्सरमधून काढून पाहिलं. लापशी झाली. आईचाच हात हवा आणि मिरची न पाहिलेलं लाकूड हवं. आता साहेबांच्या पोटावर किती दिवस ढकलणार? हे पत्र तिला वाचून दाखवा. सगळं, बाटलीसकट. ती नाही म्हणाली तर मी सामान बांधतो.

तुमच्यावर फार ओझं टाकतोय, तरी माया आटू देऊ नका.
मिथुन

*

घरून,
६ फेब्रुवारी २०२५

चि. मिथुन यास,
आईचे आशीर्वाद.

कामिनीने पत्र वाचलं. मग मी भाविकाला वाचायला लावलं, कारण कामिनी मधली वाक्यं गिळत होती. हे पत्र भाविकाच लिहिते आहे.

बाटली म्हणजे बाटली. फ्रान्सची असो की नाक्यावरची. रूपसिंगच्या घराचं तिने काय केलं ते तू लहानपणी पाहिलंस, त्याच्याच बायकोला पुढे करून मी बाया गोळा केल्या होत्या. ते मी विसरणार नाही आणि तूही विसरायचं नाही. कामिनी मला साहेबाचं पोट सांगत होती, ते तर बाटलीहून जास्त लागलं. तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. आज बोलले.

बडगीवर तू आळ घेतलास म्हणून मी ती घासून गरम पाण्यात बुडवली आणि ते पाणी प्यायले. मला काही लागलं नाही. शेजारच्या मंगलाबाईकडे तिची मुंबईची नात आली आहे, तिला एक चमचा दिला. ती घरभर नाचली. मंगलाबाई अजून माझ्याशी बोलत नाही. पण तू खरं सांगितलंस, एवढं कळलं. तेवढ्यासाठी येते.

सुताराकडून आंब्याच्या लाकडाची नवी बडगी करून घेतली. भरीत पाठवणार नाही, डब्यात रात्र काढली की लसूण अंगावर येतो. वांगी आणि काड्या घेऊन शनिवारी तौहिदच्या गाडीत बसते. चूल मी लावीन. तुझी बाटली उघडायच्या वेळी मी पाठ करून बसेन, मला ती दाखवायची नाही. आणि नोकरी लागली तर दर वेळी घरी आल्यावर तुझ्या तोंडाचा वास घेईन, तेव्हा चिडायचं नाही.

नाना म्हणतात थंडी आहे, स्वेटर घाल. घाल.
तुझी आई,
वत्सलाबाई

*

नाशिक,
१० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आईला तौहिदसोबत पाठवतोय आणि हे पत्र तिच्याच पिशवीत आहे. ती उघडून वाचणार नाही, पण भाविकाकडे देऊ नका.

काल हॉटेलच्या मागच्या अंगणात आईने कापसाच्या काड्या पेटवल्या. धूर एवढा झाला की समोरचा मेडिकलवाला बादली घेऊन धावत आला. आईने त्याला वांगी फिरवायला बसवलं. तो दुकान उघडं टाकून बसलाही. मग नव्या बडगीत ठेचणं. लाकूड इतकं कोरं की आईचा हात दोनदा सवयीने मिरचीकडे गेला, आणि दोन्ही वेळा मिरची नव्हती, कारण मीच लपवली होती.

मी बाटली आणली तशी ती उठली. स्वयंपाकघराच्या दारापाशी भिंतीकडे तोंड करून बसली, पदर डोक्यावर. बाईंना सगळं आधीच सांगितलं होतं.

मी ओतलं. बाईंनी घास घेतला, घोट घेतला. वहिनी, मीही चाखलं आणि थुंकायचं विसरलो, हे एवढं एकदाच, आणि तुम्हालाच सांगतोय. वांग्याचा धूर पुढे गेला आणि वाइनच्या धुराला जाऊन मिळाला. शेंगदाणा कुणाचा, भरताचा की तिचा, काही कळेना. तेल जिभेवर रेंगाळायला लागलं की तो लिंबाचा आंबटपणा येऊन ते पुसून नेई, आणि पुन्हा घास घ्यावासा वाटे. बाईंनी काटा खाली ठेवला आणि बोटांनी खाल्लं. सरांनीही. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग ताट रिकामं झालं आणि सर म्हणाले, एक तारखेपासून कायम.

मी धावत आईकडे गेलो. ती तशीच भिंतीकडे तोंड करून बसलेली, पदराचं टोक हातात पिळून पिळून दोरी झालेलं. वर बघायला तयार नाही. आपल्याकडे भरीत खाताना कोणी गप्प बसत नाही ना, स्स-हा चालू असतं, पाणी मागतात, एकमेकांना चिडवतात. तिने आयुष्यभर तेच ऐकलंय. माझा हात धरून म्हणाली, “मन्हा मांगे समदा गप बसनात. मले वाटनं तू नापास व्हयना.”

मी होळीला येतोय. पगार झाला की तुम्हाला साडी, आणि आजवर जेवढा जीव लावलात तेवढाच पुढेही लावा, कमी चालणार नाही.
तुमचा,
मिथुन