चार नंबरच्या दोन चिठ्ठ्या

रत्नागिरी,
ता. ७ मार्च १९८९

तीर्थस्वरूप रावजीकाका यांस,
विठूचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. पूर्णगडला तुमची कलमं यंदा मोहरली का? बाबाजीमामांनी हॉटेलात नवे पंखे लावलेत. काशीकाकूंच्या गुडघेदुखीला उतार पडला असावा.

हे सगळं विचारण्यासाठी चार महिन्यांनी पत्र लिहीत नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच.

मुंबईहून कोर्स करून मी आलो आणि मामांनी जुना कॉम्प्युटर आणला. ऑर्डरला आपोआप नंबर पडावा म्हणून मी प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की नंबराची चिठ्ठी, अर्धी गिऱ्हाइकाला, अर्धी भटारखान्यात. तोवर ताटं वाढताना तुम्ही 'खिडकीतल्या बाईंना साधं, दारातल्या पावण्यांना कालवण' अशी हाळी घालायचात. मामांनी ती बंद केली. म्हणाले, "आता नंबर बघायचा, तोंडं नाय बघायची."

तुम्ही मला एकदाच विचारलंत, "विठू, लाइट गेली नि परत आली, तर मागचा नंबर ह्याला आठवंल ना रं?"

मी हसलो. काका, त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

त्या सोमवारी संध्याकाळी चार ऑर्डरी भटारखान्यात गेल्या आणि लाइट गेली. आली तेव्हा मशीनने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. कारण शेवटचा नंबर मी फ्लॉपीवर लिहूनच ठेवत नव्हतो. आधीचं कोळंबीचं कालवण चार नंबर होतं, आणि नंतर सोमवार सोडायला आलेल्या आनंदीबाईंचं वाटाण्याचं सांबारंही चार नंबर. दाट रश्शात काय दिसणार? तुम्ही हुकूम पाळलात, नंबर बघितलात. पहिल्या घासालाच बाई ताटावरून उठल्या.

मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "रावजी, तुमचे डोळे गेले." बावीस वर्षं तिथं वाढपी असलेल्या माणसाला. तुम्ही खाकी कोट खुंटीला लावलात आणि पायऱ्या उतरलात. मी मशीनपाशी उभा होतो. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गुपचूप दुरुस्ती केली. दोन ओळींचं काम.

काल रंगारी आला म्हणून तुमचा कोट खुंटीवरून काढला. खिशात दोन चिठ्ठ्या निघाल्या, टाचणीने जोडलेल्या. दोन्हींवर चार. म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं. मला कायम ठेवायचं की परत धाडायचं, ते मामा त्याच आठवड्यात ठरवणार होते, हेही तुम्हाला ठाऊक होतं. काका, तुम्ही का गप्प राहिलात? मी तर भित्रा होतो.

आज दुपारी पंगत भरलेली असताना त्या चिठ्ठ्या मामांच्या हातात दिल्या आणि सगळं सांगितलं. आनंदीबाईही होत्या. मामांनी गल्ल्याचा खण लावला. मग म्हणाले, "रविवारच्या एस्टीने आपण पूर्णगडला जाव. मी तोंड कसा दाखवू, ता तू सांग."

आम्ही दोघं येतो. तुम्ही परत या असं म्हणायचा मला हक्क नाही. ओटीवर घेतलं नाहीत तरी अंगणात उभं राहून माफी मागू. कोट धुऊन, इस्त्री करून आणतो आहे. चिठ्ठ्या पुन्हा खिशात ठेवल्या आहेत.

काशीकाकूंना नमस्कार. त्यांना हे पत्र वाचून दाखवा, काही गाळू नका.

तुमच्या आडोशाला चार महिने लपलेला,
विठू